हिरव्या मालिकेचा शेवटचा फर्मा

बाइंडरबाईंविषयी ग्रंथपालांना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. बाईंचं माहेर कुठलं, त्यांना मूलबाळ झालं होतं का, लहानपणी त्यांना घरात काय म्हणून हाक मारत, यातलं काहीही ग्रंथपालांना कधी कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही. वाचनालयाची फाटकी पुस्तकं घेऊन ते दर शनिवारी बाईंच्या दुकानी जात, उंबऱ्याबाहेर उभे राहून गठ्ठा देत आणि बांधून झालेला गठ्ठा घेऊन परत येत. एवढ्याशा ओळखीवर कुणाची हकीकत सांगायची म्हणजे काठावर बसून विहिरीची खोली सांगण्यासारखं आहे. तेव्हा जे दिसलं तेवढंच इथे सांगितलं आहे. त्यातही थोडं चुकीचं असू शकेल.

दुकान म्हणजे एक खोली. पुढे लाकडी बाक, त्यावर लोखंडी दाब, पुठ्ठ्यांची चळत, कापडाच्या पट्ट्या आणि खळीचं पातेलं. खळीला कसर लागू नये म्हणून बाई तिच्यात विषारी मोरचूद घालत, त्यामुळे ती फिकट निळी दिसायची. कुणी पुस्तक हाताळून लगेच बोट तोंडाला लावलं की बाई म्हणत, "आधी हात धुवा. नंतर मला बोल नको." त्यांच्या अंबाड्यात शिवणकामाचं दाभण खोचलेलं असे. दाभण हवं असलं की हात मागे जाई आणि काम झालं की ते परत अंबाड्यात. खोलीच्या मागच्या बाजूला जाड पडदा होता, बांधणीच्या कापडाचे उरलेले तुकडे जोडून केलेला. पडद्यापलीकडे काय आहे ते गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

दुकान मूळचं बाईंच्या मोठ्या दिरांचं. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा या दिरांनीच भावजयीला काम शिकवलं असं म्हणत. दीर मोठे कारागीर होते. त्यांची शिवण ओळखू येई, इतके टाके एकसारखे. मग कधीतरी ते दिसेनासे झाले. "मुलाकडे गेले," बाई म्हणाल्या, आणि लोकांनी मान डोलावली. पण शेजारचा चप्पलवाला म्हणे, की त्यांना जाताना त्याने तरी पाहिलं नाही, आणि तो तर सकाळपासून दिवे लागेपर्यंत दारातच बसलेला असतो.

आता हिरव्या मालिकेविषयी सांगायला हवं.

वाचनालयात एका कपाटाचे दोन खण भरून ती पुस्तकं होती. विलायतेत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती त्या काळातल्या खुनांच्या गोष्टी, अनुवाद केलेल्या, सगळ्या हिरव्या कापडात. डॉक्टरची एक विधवा आणि तिची लग्न न झालेली नणंद एका घरात राहतात आणि गावातले खून उलगडतात. ग्रंथपालांची बायको म्हणे, "नणंद-भावजय एका छपराखाली राहून एकमेकींना सोडून दुसऱ्यांच्या खुनाचा विचार करतात, हेच मुळात मोठं रहस्य आहे." पण या मालिकेवाचून तिचं पान हलत नसे. दुपारी जेवण आटोपलं, की आडवं होऊन पोटावर हिरवं पुस्तक.

ग्रंथपालांनाही ती आवडत. का आवडतात ते त्यांना नीट सांगता येत नसे. खून पहिल्याच प्रकरणात होऊन जातो, मेलेल्या माणसाची आणि आपली ओळख झालेली नसते, त्यामुळे घशाशी काही येत नाही. बाहेर धुकं, आत शेगडी. रस्त्यावर गॅसचे दिवे, घोडागाडीचा आवाज. टेलिफोन नाही, त्यामुळे वाईट बातमी आली तरी पायी येते, दार वाजवते, टोपी काढते. विधवाबाई कुणाच्या बुटावरचा चिखल बघतात, कुणाच्या बाहीवरचा मेणाचा थेंब. आणि शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमले, चहाचा ट्रे आला, की पेल्यात दूध ओतता ओतता त्या खुन्याचं नाव घेतात. खऱ्या जगात कोण काय करून बसलं याचा पत्ता लागत नाही आणि लागला तरी कुणी चहा देत नाही. हिरव्या मालिकेत मात्र पान उलटलं की हिशोब चुकता.

पुस्तकांची वाचकमंडळी बहुतेक साठीपुढची. सगळे एकापाठोपाठ एक वाचत असल्यामुळे पुस्तकं फाटतही एकदमच. त्या वर्षी ग्रंथपालांनी पाच-सहा पुस्तकं एका गठ्ठ्यात बाईंकडे दिली, मग आणखी पाच-सहा. ती नवीकोरी होऊन परत आली आणि तिथून पुढे सगळं बिनसलं.

एका दुपारी बायकोने विचारलं, "अहो, या पुस्तकात माळी होता का?"

"कुठल्या?"

"या. घोडागाडीत प्रेत सापडतं त्या. शेवटी माळ्याला पकडतात. मला तर माळी आठवत नाही. बागही आठवत नाही. सगळं स्टेशनाजवळ घडतं की."

"असेल कुठेतरी कोपऱ्यात."

"कोपऱ्यातला माणूस माझ्या नजरेतून सुटलाय कधी? आपल्या लग्नातला तो कोपऱ्यातला मामा अजून आठवतो मला. दोनदा जेवला होता."

ग्रंथपाल हसले खरे. तेच पुस्तक त्यांनी आठवड्यापूर्वी वाचलं होतं. माळी त्यांनाही आठवला नव्हता. तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं होतं, मधली पानं वाचताना डुलकी लागली असेल. दुसऱ्या एका पुस्तकात शेवटी गायनशिक्षक पकडला गेला तेव्हाही असंच झालं होतं. त्यांच्या थोरल्या भावाने अखेरच्या दिवसांत आपल्याच बायकोला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" ते ग्रंथपालांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून गायनशिक्षकाविषयी त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता.

आता त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती छताकडे बघत होती. तिलाही तसंच काही वाटत असावं. दोघांनी तो विषय तिथेच ठेवला.

पण मनात एकदा किडा शिरला की तो स्वस्थ बसू देत नाही. ग्रंथपाल वाचकांची तोंडं न्याहाळू लागले. दातांचे डॉक्टर म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. मालिकेतलं प्रत्येक पुस्तक त्यांनी चार-चारदा वाचलेलं. ते पुस्तक परत करायला आले तेव्हा ग्रंथपालांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवट आवडला?"

"न आवडायला काय झालं?"

"नाही, म्हणजे खुनी..."

"काय खुनी?" डॉक्टरांचे कान लाल झाले. "माझी परीक्षा घेताय का? सगळं आठवतं मला. माझ्या पेशंटांच्या दाढा आठवतात अजून."

"मी आपलं सहज."

"सहज विचारायची गोष्ट आहे का ती?" असं म्हणून डॉक्टर दुसरं पुस्तक न घेताच निघून गेले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ग्रंथपालांच्या ध्यानात आलं: घाबरलेला माणूसच असा चिडतो. म्हणजे यांनाही माळी सापडलेला नाही. म्हणजे गावातले सगळे म्हातारे घरी बसून मनातल्या मनात घाबरताहेत आणि एकमेकांपासून लपवताहेत.

भांडं फोडलं ते वाचनालयाच्या अध्यक्षांच्या सुनेनं. ती तरुण, नुकतीच सभासद झालेली. आपल्या डोक्यावर संशय घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. पुस्तक टेबलावर ठेवून ती सरळ म्हणाली, "काका, याचा शेवट दुसऱ्याच पुस्तकाचा आहे." आणि घरी जाऊन तेच सासऱ्यांना सांगितलं.

अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी आले. उभ्याउभ्याच बोलले. "पुस्तकं बाइंडरकडून आल्यावरच ही भानगड सुरू झाली. ती बाई एक तर आंधळी झालीय नाहीतर मुद्दाम करतेय. पुढच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडणार. काम छापखान्यात द्यायचं, मशीनवर. तोपर्यंत तुम्ही काय ते शोधून काढा. तुम्हाला नाहीतरी खुनांची आवड आहेच."

 बाईंचं दुसरं काम आता काही उरलं नव्हतं हे ग्रंथपालांना ठाऊक होतं. शाळा, कचेऱ्या सगळ्यांचं काम मशीनवर गेलेलं. वाचनालयाचं गेलं की दुकानाला कुलूप.

त्यांनी दोन हिरवी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सोळा पानांची एक घडी असते, तिला बाइंडर फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, कितवा फर्मा ते सांगणारा. आणि हिरव्या मालिकेची गंमत अशी, की सगळी पुस्तकं एकाच लांबीची. त्यामुळे या पुस्तकाचा शेवटचा फर्मा त्या पुस्तकाला लावला तरी आकडा जुळतो, पानांचे क्रमांकही जुळतात. फक्त खुनी बदलतो. वाक्य मध्येच तुटतं खरं, पण म्हातारा वाचक म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं.

तिथवर ठीक. पण मग ग्रंथपालांनी बाईंकडून आलेली बाकीची पुस्तकं तपासली. कायद्याची, शाळेची, औषधांची, प्रवासवर्णनं. एकातही चूक नव्हती. चूक फक्त हिरव्या मालिकेत, आणि तीही जवळजवळ प्रत्येकात. चुकून होणारी चूक अशी निवडून जागा धरत नाही. म्हणजे हे कुणीतरी जाणूनबुजून केलेलं.

हे त्यांनी बायकोला सांगायला नको होतं. ती उठून बसली.

"दीर नाहीसा. पडद्यामागे काय ते कुणाला माहीत नाही. खळीत मोरचूद. आणि आता पुस्तकांत गडबड. तुम्हाला यातून काहीच दिसत नाही?"

"काय दिसायचंय?"

"तिने दिराला घातलं मोरचूद. शेवट बदलते, कारण मालिकेतल्या एखाद्या पुस्तकात असाच खून आहे आणि तो कुणी वाचू नये असं तिला वाटतं."

"अगं, मग ते एक पुस्तक हरवलं म्हणायचं. सगळ्यांची उठाठेव कशाला?"

बायको विचारात पडली. "हुशार आहे ती," एवढंच म्हणाली.

ग्रंथपालांनी हे हसण्यावारी नेलं, पण शनिवारची वाट न बघता ते मंगळवारीच दुकानी गेले. बाई बाकावर नव्हत्या. पातेल्याशेजारी दोन कप होते, दोन्ही उष्टे. बाकाखाली पुरुषाच्या चपला, झिजलेल्या पण पुसलेल्या. आणि पडद्यामागून खोकला आला. जाड, पुरुषी खोकला.

बाई पडदा बाजूला सारून आल्या आणि त्यांना बघून दचकल्या. पडदा हाताने मागे ओढून धरला.

"आज कसे? आज काय वार?"

"सहज. इकडून चाललो होतो."

"इकडून कुठे? पुढे तर गल्ली संपते."

 पुन्हा खोकला आला. बाई म्हणाल्या, "शेजारचा आहे. भिंत पातळ आहे." दुकानाच्या एका बाजूला चप्पलवाला, तो बाहेर बसून टाच शिवत होता. दुसऱ्या बाजूला भिंतच नव्हती, मैदान होतं. ग्रंथपाल "बरं" म्हणाले आणि निघाले. वळून पाहिलं तर बाई दारात उभ्या राहून ते खरंच जातात का ते बघत होत्या.

बैठक जवळ आली. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, "लागला का छडा?" ग्रंथपालांना आता रात्रंदिवस एकच घोर. खरं शोधावं तर बाईंचं काम जाणार, न शोधावं तरी जाणार. आणि पडद्यामागे भलतंच काही निघालं तर? ते स्वतःलाच म्हणत, विधवाबाई असत्या तर कपावरच्या डागावरून सांगितलं असतं. मला तर दोन कप दिसले आणि मी पळून आलो.

शेवटी ते गेलेच. बरोबर माळ्याचं पुस्तक घेतलं. दारात उभं राहून त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. बाईंनी शेवटचं प्रकरण उघडलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक मिटलं.

"कोण ओरडलं?"

"कुणी नाही. म्हणजे, अध्यक्ष."

"काम काढून घेणार?"

"बैठक आहे."

बाईंनी खळीचं पातेलं झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "आत या. चपला काढून या, ते ओरडतात."

पडद्यामागे चटई होती, खिडकी होती, आणि खिडकीच्या उजेडात बाईंचे मोठे दीर बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. भोवती हिरव्या मालिकेच्या सुट्या फर्म्यांचे ढीग. हाडाच्या पट्टीने ते घड्या दाबत होते. हात असे चालत होते की बघत राहावं. एक फर्मा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, कडा ठोकून सारख्या केल्या. अगदी बिनचूक. शेवटच्या फर्म्यापाशी मात्र ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि हाताला जो ढीग लागला त्यातला एक उचलून खाली लावला. मग समाधानाने सुई ओवली.

त्यांनी वर पाहिलं. "कागद आणलात का, शेठ?"

ग्रंथपालांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, हो म्हणा.

"आणतो," ग्रंथपाल म्हणाले.

"मागचा माल हलका होता. आणि एक सांगतो," दिरांनी आवाज खाली आणला आणि भावजयीकडे बोट केलं, "या बाईवर नजर ठेवा. फर्मे चोरते."

"ऐका," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाहेर बाकावर आल्यावर त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक, मधेमधे पट्ट्या कापत.

"पहिल्यांदा मी दुरुस्त करायची. ते झोपले की शिवण उसवून फर्मा बदलायचा, परत शिवायचं. पण त्यांना आपला टाका कळतो. नाव विसरलेत, मुलगा विसरलेत, टाका नाही विसरले. सकाळी पुस्तक हातात घेतलं की म्हणायचे, हे मी शिवलेलं नाही. मग दिवसभर जेवायचे नाहीत. काम ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. तेव्हापासून मी हात लावायचा सोडला."

"पण मग हिरवीच पुस्तकं का?"

"दुसरी कुठली देऊ? कायद्याचं दिलं आणि कुणाचं घर गेलं तर? औषधांचं दिलं तर माणूस जाईल. पोरांचं गणिताचं दिलं तर पोर नापास. हिरव्या पुस्तकात कुणाचं वाईट होत नाही."

"पण खुनी भलताच पकडला जातो, बाई."

"भलता कसा? त्यानेही खून केलेलाच असतो की. या पुस्तकात नाही तर त्या पुस्तकात. निरपराध माणूस एकही अडकत नाही, मी बघितलंय. आणि कुणीही पकडला गेला तरी शेवटी चहा येतोच."

 ग्रंथपालांनी हळूच विचारलं, "तुम्ही वाचलीत सगळी?"

"संध्याकाळी वाचून दाखवते त्यांना. त्यांना रोज नवीन. तेच पुस्तक चारदा वाचलं तरी कोण खुनी ते ठाऊक नसतं. म्हणून ही मालिका आमच्याकडे काही संपत नाही." मग पहिल्यांदाच त्यांच्या ओठांची एक कड वर गेली. "आणि त्यांचा संशय कुणावर असतो माहीत आहे? विधवाबाईवर. दर वेळी. म्हणतात, ही जिथे जाते तिथे माणूस मरतो, आणि हिला कुणी विचारत कसं नाही?"

ग्रंथपालांना मोठ्याने हसू आलं. मग लाज वाटली. पडद्यामागून आवाज आला, "शेठ गेले का? त्यांना माल तपासून घ्यायला सांग."

बाईंनी आणि ग्रंथपालांनी एकमेकांकडे पाहिलं. बहुतेक दोघांच्या मनात ते एकदमच आलं. ग्रंथपालांना तरी तसंच वाटतं, बाईंना विचारायचं राहून गेलं. बाईंनी फर्म्यांना हात लावला की चोरी. कागदवाल्या शेठनी लावला की तपासणी.

ग्रंथपाल आयुष्यात कधी नाटकात उभे राहिले नव्हते. लग्नात हार घालतानासुद्धा त्यांचे हात कापले होते, असं बायको अजून सांगते. ते पुन्हा आत गेले, चटईवर बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "बघू बुवा, कागद कसा लागलाय." दिरांनी रचलेले, अजून न शिवलेले फर्मे त्यांच्यापुढे सरकवले. ग्रंथपालांनी एकेक उलटून पाहिला, शेवटचा काढला, ढिगातून योग्य तो शोधून लावला. दीर बारकाईने बघत होते.

"तो का बदललात?"

ग्रंथपालांनी काढलेला फर्मा उजेडात धरला. "याचा... याचा कागद हलका आहे."

"म्हटलं नव्हतं मी?" दीर भावजयीला म्हणाले आणि शिवायला लागले.

बैठकीत अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला. ग्रंथपाल उभे राहिले, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. ते म्हणाले, सगळी पुस्तकं एका लांबीची, म्हणून फर्मे अदलाबदल झाले. मुद्दाम कुणी केलेलं नाही. बांधून आलेलं पुस्तक तपासून घ्यायचं काम वाचनालयाचं, यापुढे आपण स्वतः शिवण्याआधीच जाऊन तपासू.

"दुसऱ्या एकाही पुस्तकात चूक नाही आणि हिरव्यांतच आहे," अध्यक्ष म्हणाले. "हे तुम्हाला संशयास्पद वाटत नाही?"

"वाटलं होतं."

"मग?"

"जाऊन पाहिलं."

"काय पाहिलंत?"

ग्रंथपालांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "काम पाहिलं. चांगलं चाललंय."

अध्यक्षांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांना वाटलं असावं की ग्रंथपालांचं आणि बाईंचं काहीतरी साटंलोटं आहे, आणि तसं ते होतंही. "पुढची तक्रार येईपर्यंत," ते म्हणाले, आणि विषय पुढे सरकला.

बाहेर दातांचे डॉक्टर वाट बघत थांबले होते. "म्हणजे पुस्तकंच चुकीची होती?"

"हो."

"माळी नव्हताच त्यात?"

"नव्हता."

डॉक्टरांनी टोपी काढून परत घातली. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी त्यांना दहा वर्षं परत दिली. "मला माहीतच होतं," असं म्हणून ते तरातरा चालू लागले. ग्रंथपालांनी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, दिरांचं सोडून. ती म्हणाली, "तुमच्या डोक्यावर मी कधी संशय घेतलाच नव्हता. माझ्याच डोक्यावर घेतला होता." आणि मग हिरवं पुस्तक उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. बाईंच्या दिरांचं काय झालं, हे मात्र तिने त्यानंतर वर्षभर विचारलं. मुलाकडेच आहेत, असं ग्रंथपाल सांगत. तिने ते कधीच मानलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी ग्रंथपाल पडद्यामागे जात. शेठ म्हणून कागदाला नावं ठेवत, एखादा फर्मा बदलत, दिरांच्या तक्रारी ऐकत. कधी दीर त्यांच्याकडेही संशयाने बघत आणि म्हणत, "तुम्ही शेठ दिसत नाही. शेठची पोटं मोठी असतात." तेव्हा बाई चहा पुढे करत. एकदा ग्रंथपालांनी धीर करून विचारलं, की मुलगा न्यायला येत नाही का. बाई म्हणाल्या, "येईल." त्यांना तो यायला हवा होता की नको, ते त्या एका शब्दावरून कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

तो आला. चप्पलवाल्याने सांगितलं ते एवढंच: गाडी आली, म्हाताऱ्याला बसवलं, म्हाताऱ्याने बाईंचा पदर सोडला नाही, तेव्हा बाईही बसल्या. बाकावर वाचनालयाचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता, सगळी पुस्तकं नीट, शेवटही बरोबर. पत्ता कुणी विचारून ठेवला नव्हता.

त्याआधीच्या शनिवारी ग्रंथपाल गठ्ठा उचलून निघाले होते. बाई दाभण शोधत होत्या आणि ते अंबाड्यातच होतं.

"गठ्ठ्याची सुतळी परत आणा हं," त्या म्हणाल्या.

"आणतो."

"मागच्या वेळचीही राहिलीय."

"तीही आणतो," ग्रंथपाल म्हणाले.